सिंगकिलवर हक्क कुणाचा?

फिलिपिन्सच्या सिंगकिल नाचाची चित्रफीत आपल्याकडे फिरू लागली की तिच्याखाली ठरावीक शेरे येतात. ‘तिथेही रामायण आहे!’ ‘आपली संस्कृती कुठवर पोचली होती बघा!’ चित्रफितीत काय असते? जमिनीलगत एकमेकांना छेदणारे बांबू तालात उघडतात, मिटतात. भरजरी वेशातली एक तरुणी दोन्ही हातांतले पंखे फिरवत त्यांच्यातून चालत जाते. तिची नजर पायांकडे वळत नाही, पाऊल बांबूत सापडत नाही, आणि मागून छत्र धरून येणारी दासीही चुकत नाही. साथीला कुलिंतांग, म्हणजे लाकडी चौकटीवर ओळीने मांडलेल्या, मधोमध फुगवटा असलेल्या धातूच्या घंटा. लय चढत जाते, पाहणारा थक्क होतो, आणि थक्क झालेल्या भारतीय माणसाला पहिला प्रश्न सुचतो तो हा: हे आपल्याकडूनच गेले ना?

प्रश्न विचारायला हरकत नाही. उत्तर मिळाले की विषय संपला, असे मानायला मात्र माझी ठाम हरकत आहे. उगमाची चर्चा फुकटात करता येते. एखादा नाच आज कुणाच्या ताब्यात आहे, त्यावर नाव कुणाचे लागते, मान आणि पैसा कुठे जातो, हे विचारू लागलो की अवघड वाटू लागते. फिलिपिन्सच्या नाचांबाबत तेच विचारले पाहिजे, आणि ते मनिलाला विचारायचे तसेच दिल्ली-मुंबईलाही.

आधी संबंधांचे बोलू, कारण ते खरेच आहेत आणि शेरे लिहिणाऱ्यांना वाटते त्याहून भक्कम आहेत. मनिलाशेजारच्या लागुना प्रांतात 1989 साली एक ताम्रपट सापडला. तो ‘स्वस्ति’ने सुरू होतो आणि पुढे मिती देतो: शके 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन 900. पंचांग पाहणाऱ्या घरातला कुणीही मराठी माणूस ही ओळ दुभाष्याशिवाय समजून घेईल. फिलिपिन्समधला हा सर्वांत जुना ज्ञात लेख. पण त्याची लिपी जावा बेटावरच्या राजवटींत चालणारी कावी आहे आणि भाषा जुनी मलय; संस्कृत शब्द त्या भाषेत मुरून आलेले. म्हणजे जे आले ते मलय आणि जावानी शेजाऱ्यांच्या हातून, त्यांच्या घरात नांदून, त्यांच्या चवीचे होऊन आले. आणि मजकूर काय, तर एका कुटुंबाचे कर्ज फिटल्याची पावती! ज्या देशाकडे आपण सांस्कृतिक उधारीची वही घेऊन जातो, त्या देशाचा पहिला कागद कर्जमुक्तीचा निघावा हे मला फार आवडते.

रामायणाचेही तसेच. मिंडानाओ बेटावर लानाओ सरोवराच्या काठी राहणाऱ्या मरानाओ लोकांकडे ‘महारादिया लावाना’ नावाची कथा आहे. हुआन फ्रान्सिस्को या फिलिपिनो संस्कृतज्ञाने ती 1960च्या दशकाच्या अखेरीस उजेडात आणली. लावाना म्हणजे रावण. रामाच्या जागी रादिया मांगंदिरी आहे, आणि लाक्सामाना हे नाव तिथे मिळाले आहे ते वानराला, मारुतीच्या जागी असलेल्या पात्राला. राजे सगळे सुलतान, कारण मरानाओ समाज मुसलमान आहे. आपल्याकडे एखादा लगेच म्हणेल, नावांची उलटापालट झाली, कथा बिघडली. एकनाथांच्या भावार्थ रामायणाला ‘वाल्मीकींचा प्रभाव’ एवढे बोलून आपण हातावेगळे करत नाही. ते नाथांचे रामायण असते. मग ही मर्यादा लानाओच्या कथाकारालाच का लावायची?

आणि मुळात सिंगकिल ही त्या कथेतली गोष्टही नव्हे. सिंगकिलचे नाते सांगितले जाते ते दारांगेन या मरानाओ महाकाव्याशी: 17 खंड, सुमारे 72 हजार ओळी, गाऊन सांगायच्या. त्याचा नायक बांतुगन. वनदेवतांनी भूकंप घडवला, झाडे कोसळू लागली आणि त्यातून राजकन्या वाट काढत निघाली, असा प्रसंग सिंगकिलमागे सांगतात. बांबू म्हणजे ती कोसळती झाडे. दारांगेनला युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीच्या मौखिक वारशाचा दर्जा जाहीर केला, 2008 मध्ये ते अमूर्त वारशाच्या यादीत गेले. आपल्या समाजमाध्यमांवर मात्र दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होऊन सिंगकिलमधली राजकन्या बिनबोभाट सीता होते. ज्यांचा नाच आहे त्यांना विचारण्याची गरज कुणालाच वाटत नाही.

दक्षिणेकडे, सुलू द्वीपसमूहात, पंगालाय आहे. हा तौसुग लोकांचा नाच; त्याच कुळातला सामा-बजाउ लोकांचा इगाल. गुडघे किंचित वाकलेले, बोटे पार मागे वळलेली, कधी त्यांवर धातूची लांब नखे चढवलेली, आणि हालचाल इतकी सलग की एक मुद्रा कुठे संपली नि दुसरी कुठे सुरू झाली ते कळू नये. थायलंड, कंबोडिया, जावा, बाली इथले नाच पाहिलेल्याला ही बोटे ओळखीची वाटतील. पण याला ‘शेजाऱ्यांचा प्रभाव’ म्हणताना मी अडखळतो. सामा लोक ज्या समुद्रावर जगले त्या समुद्राचे आज फिलिपिन्स, मलेशिया आणि इंडोनेशिया असे तीन तुकडे झाले आहेत. फिलिपिन्सच्या ताविताविमधला इगाल आणि पलीकडे मलेशियाच्या साबामधल्या सेम्पोर्ना गावचा इगाल यांच्यात सीमा आली ती विसाव्या शतकात. मामाच्या घरच्या चालीरीतींना आपण परदेशी प्रभाव म्हणत नाही. नाच आधीचा आणि देश नंतरचे, एवढे ध्यानात ठेवले तर ‘कुणी कुणाकडून घेतले’ या वादातली निम्मी हवा निघून जाते.

तिनिकलिंगची कथाही ऐकण्यासारखी आहे. लेते बेटावरचा हा नाच: दोन बांबू जमिनीवर आपटायचे, एकमेकांवर आदळायचे, आणि नाचणाऱ्यांनी त्यांच्या आत-बाहेर टिकलिंग पक्ष्यासारखी पावले टाकायची. स्पॅनिश जमीनदार काम टाळणाऱ्या मजुरांच्या पायांवर बांबू मारत, ते चुकवता चुकवता नाच जन्मला, अशी एक दंतकथा पर्यटकांना हमखास ऐकवतात. कथा करुण आहे, म्हणून चालते. पण मिझोरामचा चेराव पाहा, व्हिएतनाममधला बांबूनाच पाहा, चीनच्या हैनान बेटावरच्या ली लोकांचा पाहा. तिथे कुठला स्पॅनिश जमीनदार गेला होता? जिथे बांबू उगवतो आणि पावसाळी संध्याकाळी तरुण पोरे जमतात, तिथे हा नाच सुचतो. आयझॉलमध्ये 2010 साली दहा हजारांहून जास्त लोक एकाच वेळी चेराव नाचले होते. लेतेच्या लोकांनी त्यावर ‘आमचा नाच चोरला’ अशी ओरड केल्याचे मी ऐकलेले नाही. त्यांनी करूही नये.

मग ताब्याचा प्रश्न येतो कुठून? तो येतो मनिलाच्या रंगमंचावरून.

1920च्या दशकात फ्रान्सिस्का रेयेस-आकिनो या तरुण शिक्षिकेने गावोगाव जाऊन नाच आणि खेळ टिपून घ्यायला सुरुवात केली. अमेरिकी राजवट होती, शहरी पोरांना वॉल्ट्झ येत होता, तिनिकलिंग येत नव्हता. तिचे टिपण शाळांत गेले आणि एका पिढीला आपले नाच कळले. 1962 मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोच पुरस्कार जो पहिल्याच वर्षी, 1958 साली, आपल्या विनोबांना मिळाला होता. दरम्यान, 1957 मध्ये, फिलिपिन विमेन्स युनिव्हर्सिटीत हेलेना बेनितेझ यांनी बायनिहान हे पथक उभे केले, आणि वर्षभरात, 1958च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात, त्याने युरोपला जिंकले. लुक्रेसिया उर्तुला यांची नृत्यरचना, काटेकोर प्रकाशयोजना, झगमगते वेश. सिंगकिल त्या कार्यक्रमाचा मुकुटमणी झाला. आज कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांत फिलिपिनो मुलांच्या सांस्कृतिक रात्री होतात तेव्हा बसवला जातो तो हाच सिंगकिल.

या कामाला नाव ठेवायला जीभ जड व्हावी इतके ते मोठे आहे. नवस्वतंत्र देशाला स्वतःचा चेहरा हवा होता, तो या मंडळींनी दिला. पण चेहरा कसा बनला तेही पाहिले पाहिजे. कार्यक्रम विभागांत वाटला गेला: उत्तरेकडच्या कॉर्डिलेरा डोंगरांतले नाच, स्पॅनिश वळणाचे नाच, ग्रामीण नाच, आदिवासी नाच आणि ‘मोरो’ म्हणजे मुस्लिम दक्षिणेचे नाच. मोरो विभागात राजकन्या, गुलाम, छत्रे, गूढता, वेग. मरानाओंच्या घरच्या सिंगकिलमध्ये लक्ष असते ते खानदानी स्त्रीच्या संथ, तोलून टाकलेल्या पावलांकडे. ती तिच्या कुळाची शान असते. मंचावर तिच्या शेजारी राजपुत्र आला, बांबू वाढले, आणि शेवटी टाळ्यांसाठी लय बेफाम झाली. उसोपाय कादार या मरानाओ संगीतकार-अभ्यासकांनी, ज्यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात कुलिंतांग शिकवले, मंचावरच्या सिंगकिलमधून आपल्या समाजाचे चुकीचे चित्र उभे राहते अशी जाहीर तक्रार केली. तिचे काय झाले? सिंगकिल तसाच गाजत राहिला. 1998 मध्ये बायनिहानला कायद्याने राष्ट्रीय लोकनृत्य पथकाचा दर्जाही मिळाला.

तक्रारीमागची कळ समजायची तर मिंडानाओचा इतिहास डोळ्यांपुढे हवा. स्पेनने फिलिपिन्सवर 1565 पासून 1898 पर्यंत राज्य केले, पण दक्षिणेतल्या सुलतानांना पुरते वाकवणे त्याला जमले नाही. त्या लढायांचे पडसाद उत्तरेच्या ख्रिस्ती गावांत नाटकांतून उमटले. ‘मोरो-मोरो’ नावाच्या प्रकारात मुसलमान खलनायक आणि शेवटी त्याचा पराभव हे ठरलेले. लागुनातल्या बिन्यान गावचा मागलालातिक, ज्यात नाचणारे अंगाला बांधलेल्या नारळाच्या करवंट्या वाजवतात, तोही मोरो आणि ख्रिस्ती यांची लुटुपुटूची लढाईच. शतकानुशतके ज्यांना नाटकात हरवले, त्यांचाच नाच स्वतंत्र देशाने जगापुढे स्वतःची ओळख म्हणून मिरवला. याला समेट म्हणावे की आणखी एक विजय? 1972 मध्ये मार्शल लॉ आला, दक्षिणेत बंड पेटले, 1974 मध्ये सुलूची राजधानी होलो जळून खाक झाली. पंगालायचे माहेर ते. आणि 2017 मध्ये मारावी. मरानाओंचे हे सर्वांत महत्त्वाचे शहर अतिरेकी आणि सैन्य यांच्या पाच महिन्यांच्या लढाईत ढिगारा होऊन पडले. साडेतीन लाखांच्या आसपास माणसे विस्थापित झाली. भरपाईचा कायदा व्हायला 2022 साल उजाडले. या सगळ्या काळात सिंगकिल परदेशी मंचांवर चालूच होता. नाच देशाचा, नाचाची माणसे छावणीत.

यावर एक उत्तर ठरलेले असते: परंपरा बदलतातच, बदलल्या नाहीत तर मरतात. मला ते सोळा आणे मान्य आहे. स्वतः मरानाओंनीही सिंगकिल बदलला असेल. त्यांच्यातही धर्माच्या नावाने नाचगाणे नको म्हणणारे आहेत आणि त्यांच्याशी भांडणारेही. माझा आक्षेप बदलावर नाही. बदल कुणी करायचा, याचा निर्णय सतत एकाच बाजूने होतो, त्यावर आहे.

इथे मराठी वाचकाला परका न वाटणारा एक दाखला आहे. तंजावरच्या मराठी दरबारात, दुसऱ्या सरफोजीराजांच्या (1798 ते 1832) आणि त्यांच्या पुत्राच्या काळात, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यम् कार्यक्रमाचा क्रम बांधला: अलारिपू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना. राजे भोसले, म्हणून भरतनाट्यम् मराठी झाले का? तसा दावा करणाऱ्याला चेन्नईत कुणी चहासुद्धा विचारणार नाही. प्रभाव आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आपल्याला आपल्या बाबतीत कळते. आणि त्याच इतिहासाचा दुसरा भागही पाहा. पिढ्यान्‌पिढ्या तो नाच ज्यांनी जपला त्या देवदासी कुळांतल्या स्त्रिया होत्या. 1936 मध्ये मद्रासला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली, नाच प्रतिष्ठित घरांत गेला. 1947 मध्ये मद्रास सरकारने देवदासी प्रथा कायद्याने बंद केली. प्रथा वाईट होती, बंद झाली ते योग्यच. पण नाचाला प्रतिष्ठा मिळाली तेव्हा त्या स्त्रियांना काय मिळाले? बालासरस्वतींसारखे एखादे तेजस्वी नाव सोडले तर बहुतेकींच्या घरात विस्मरण आले. मनिला आणि मारावी यांच्यात जे घडले त्याचे हे भारतीय रूप आहे, म्हणून फिलिपिनो लोकांना शहाणपण शिकवण्याच्या जागेवर आपण बसलेलो नाही.

बाहेरच्या माणसाने हात लावूच नये का? तसे मुळीच नाही. लिगाया फर्नांडो-आमिलबांगसा या मनिलाजवळच्या मारिकिना गावच्या. लग्न होऊन 1969 मध्ये त्या सुलूला गेल्या आणि पंगालायने त्यांना धरून ठेवले. त्या तिथल्या म्हाताऱ्या नाचणाऱ्यांकडे शिकल्या, मुद्रा टिपल्या, 1983 मध्ये पुस्तक काढले, पुढे मनिलाच्या बाजूला शिकवणीचे मंडळ चालवले. 2015 मध्ये त्यांनाही मॅगसेसे मिळाला. त्या जन्माने तौसुग नव्हत्या, पण नाच लग्नघरात, बोटीवर, अंगणात कसा होतो हे पाहूनच त्यांनी तो मंचावर नेला, आणि त्याची संथता विकायला काढली नाही. दुसरे उदाहरण कॉर्डिलेरातल्या अलोन्झो साकलाग यांचे. लुबुआगन गावच्या या कालिंगा नर्तक-वादकाला 2000 मध्ये सरकारने राष्ट्रीय जिवंत ठेव्याचा सन्मान दिला. त्या सन्मानाबरोबर कला पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारी येते, आणि ती जिथल्या तिथे पार पाडायची असते. फिलिपिन्सकडे मार्ग आहेत; 1997 च्या आदिवासी हक्क कायद्यात समाजांच्या सामूहिक बौद्धिक हक्कांची तरतूदही आहे. 2019 पासून मुस्लिम दक्षिणेला बांगसामोरो नावाचे स्वायत्त सरकार आहे. सिंगकिलची कोणती आवृत्ती कुणाच्या संमतीने देशाच्या नावावर परदेशी जावी, हे त्या सरकारने आणि मरानाओ समाजाने मनिलासोबत बसून ठरवायला काय अडचण आहे? कार्यक्रमपत्रिकेत ‘मरानाओ सिंगकिलवर आधारित मंचीय रचना’ एवढी ओळ छापायला तर कायद्याचीही गरज नाही.

राहिलो आपण. जानेवारी 2018 मध्ये आसियान या आग्नेय आशियाई संघटनेच्या दहा देशांचे नेते प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत पाहुणे होते, आणि त्या निमित्ताने आसियान देशांच्या पथकांचा रामायण महोत्सव भरला. कल्पना देखणी आहे, राजनैतिक सोयीची आहे. पण यजमानाने आमंत्रणातच ‘रामायण दाखवा’ म्हटले की पाहुणा रामायणच दाखवणार. मग बांतुगनला सीतेच्या शेजारी उभे राहावे लागते आणि पंगालाय, ज्यात दाखवण्यासारखी कुठलीच रामकथा नाही, घरीच राहतो. पुढच्या वेळी दिल्लीने किंवा मुंबईतल्या एखाद्या नाट्यगृहाने फिलिपिन्सला बोलावले तर विषयाची अट घालू नये. दारांगेन गाणारी माणसे बोलवावीत, ती गाण्यापूर्वी त्यांच्या तोंडून त्यांची गोष्ट ऐकावी, कुलिंतांग वाजवणाऱ्या बाईचे नाव पत्रिकेत पथकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे, आणि मानधन लानाओत पोचते की वाटेत मनिलात अडकते हे करार करतानाच विचारावे. रामायणाशी नाते आहे की नाही, हे पाहुण्यांना सांगावेसे वाटले तर ते सांगतील.